एका हाताचा हलवा

“खरं सांग शरयू, पाकात लिंबू पिळलंस ना?”

सासूबाईंनी परातीतला मूठभर हलवा माझ्या नाकासमोर धरला. त्याला हलवा म्हणणं हेसुद्धा औदार्यच होतं. आत तीळ होते, वर साखरेचा पिवळट, पिठूळ लेप होता आणि काटा शपथेलाही नव्हता. दाणा चिमटीत धरला की लेप झडून त्यांच्या पदरावर पडत होता.

“नाही पिळलं,” मी म्हणाले.

“दिवाळीत गुलाबजामच्या पाकात पिळलं होतंस.”

“तेव्हा पाकाचे खडे होऊ नयेत म्हणून पिळलं होतं. हलव्याला खडे व्हायलाच हवेत, एवढं मला कळतं.”

“कळतं गं, पण हाताला सवय असते.” त्यांनी शेजारचा तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायल्या. “पाक तुझा, परात माझी. आणि परातीत तीस वर्षांत चूक झालेली नाही.”

एवढं बोलून त्या उठल्या आणि मोरीकडे गेल्या. सकाळपासून तिसऱ्यांदा. मी तिथेच उभी राहिले, कानशिलं तापलेली आणि हातात पाकाची वाटी.

हे सगळं चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीतलं, मिरजेतलं. माझ्या लग्नाला आठ महिने झाले होते. मी सांगलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. म्हणजे प्राध्यापक शिकवणार आणि मुलांनी फोडलेल्या काचा मी गोळा करणार. माझे यजमान श्रीधर रेल्वेत मालगाडीचे गार्ड, त्यामुळे घरात ते पाहुण्यासारखे यायचे. उरलेल्या वेळात घरात आम्ही दोघी. सासूबाईंनी माझ्याआधी कुरुंदवाडची एक गोरी मुलगी मनात धरून ठेवली होती. श्रीधरनी मला पसंत केलं, त्या काही बोलल्या नाहीत, आणि न बोललेलं ते सगळं आठ महिने घरात आमच्याबरोबर वावरत होतं.

मथुराबाई दामले यांचा काटेरी हलवा ही मिरजेतली नावाजलेली गोष्ट. गावातल्या नव्या नवरीचा पहिला संक्रांतसण असला की हलव्याचे दागिने आमच्याकडून. शेगडीवर कल्हईची परात, परातीत तीळ, त्यावर चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी हळूहळू फिरवत राहायचं. पाक सुकला की पुन्हा चमचाभर. रोज पहाटेपासून तीन-चार तास, असं चार दिवस केलं की दाण्याला काटा फुटतो. घरात त्याला ‘एका हाताचा हलवा’ म्हणत. परातीत एकाच माणसाचा हात फिरला पाहिजे, दुसऱ्याची बोटं लागली की काटा रुसतो. लग्न होऊन आल्या दिवसापासून सासूबाईंनी ते मला बजावलं होतं. ती परात मी रिकामी असतानाही उचललेली नव्हती.

यंदा मात्र पाक करायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. “मला हल्ली दमायला होतं,” म्हणाल्या. मला कोण आनंद झाला! वाटलं, चला, चुलीपर्यंत तरी पोचलो. साखर मोजून पाणी घातलं, उकळी आल्यावर दोन चमचे दूध सोडून मळी काढली, पाक पांढऱ्या फडक्यातून गाळला. एकतारी, काचेसारखा स्वच्छ पाक. आणि चार दिवसांनी हे फळ मिळालं.

त्यात चार नवरींचे दागिने आधीच ठरलेले आणि पाचवी नवरी मी स्वतः. संक्रांत आठ दिवसांवर आली होती.

शेजारच्या गंगूकाकू अशा वेळी यायच्या राहतात थोड्याच? आठच्या सुमाराला दही मागायला म्हणून आल्या आणि ताटलीतला हलवा बघून गालाला हात लावून उभ्या राहिल्या.

“अगबाई! मथूताई, तुमच्या हातचा हा?”

“पाक बिघडला,” सासूबाई म्हणाल्या.

“पाक कुणी केला?”

सासूबाईंनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. गंगूकाकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग पुढे वाकून, मला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, “मला मेलीला काय कळतंय? पण गावातल्या सगळ्यांच्या सुनांना काटा आला आणि यंदा नेमका स्वतःच्या सुनेला येईना, म्हणजे लोक दोन्ही बाजूंनी बोलणार हो.”

दोन्ही बाजूंनी म्हणजे काय ते मला बरोबर कळलं. एक, सून पायगुणाची नाही. दोन, सासूच्या मनात काळं आहे. पहिलं ऐकून मी चिडले, आणि दुसरं, खोटं कशाला बोलू, मला थोडं पटलं. तीस वर्षं न चुकलेला हात माझ्याच वर्षी कसा चुकावा? त्या दिवशी कॉलेजात मी एका मुलाला विनाकारण झापलं आणि दोन ब्युरेट स्वतः फोडल्या.

संध्याकाळी श्रीधर ड्यूटीवरून आले. मी सगळं सांगितलं.

“तू हो म्हणून टाक ना,” ते बूट काढत म्हणाले. “चुकून लिंबू पडलं म्हण. आईचं समाधान होईल, विषय संपेल.”

“न केलेली चूक कबूल करू?”

“चमचाभर लिंबाची तर गोष्ट आहे.”

“चमचाभर नाही,” मी म्हणाले. “आज लिंबू कबूल केलं की उद्या कढी फुटली तर मी, पापड मोडला तर मी. जन्मभर.”

ते हातपाय धुऊन जेवायला बसले. सासूबाईंनी त्यांना वाढलं, स्वतः दोन घास खाल्ले आणि तांब्याभर पाणी प्यायल्या. जाता जाता मला म्हणाल्या, “आणि पाकाची पातेली मोरीत विसळत जाऊ नकोस. मुंग्यांची रांग लागलीय.”

“मी मागच्या नळावरच विसळते.”

“मग मुंग्या काय आमंत्रणाशिवाय आल्या?”

मी मोरीत जाऊन बघितलं. खरंच, कोपऱ्यातल्या भोकापाशी मुंग्यांचा काळा गोंडा जमला होता. पातेली तिथे धुतली जात नव्हती, हे मी शपथेवर सांगू शकत होते. कढत पाणी ओतून मोरी घासली. सकाळी मुंग्या पुन्हा हजर.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून एक बाटली आणली. सरांना विचारून, बेनेडिक्टचं द्रावण, सुरेख निळ्या रंगाचं. बरोबर चार टेस्टट्यूब. वर्गात पन्नास पोरांपुढे जे दर वर्षी करून दाखवते, ते एका बाईपुढे करून दाखवायचं होतं.

“हे काय आता?” सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात थांबल्या.

“तुम्ही बसा. पाकात लिंबू होतं की नाही, हे आता पाकच सांगेल.”

त्या पाटावर बसल्या. बसताना त्यांनी उजवं पाऊल जपून ठेवलं. पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या अंगठ्याला दगड लागला होता. घरच्या पद्धतीप्रमाणे जखमेत साखर दाबून वर चिंधी बांधली होती. साखर जखमेतलं पाणी ओढून घेते, जखम कोरडी राहते, ही गोष्ट आमच्या पुस्तकातही होती. पण चिंधी अजून सुटली नव्हती.

मी दोन वाट्या पुढे ठेवल्या. “ही कालच्या पाकाची. आणि हा तोच पाक, त्यात लिंबू पिळून मी आत्ता पाव तास उकळलाय.”

दोन नळ्यांत निळं द्रावण घेतलं, एकीत पहिल्या वाटीतले थेंब टाकले, दुसरीत दुसऱ्या. स्टोव्हवर पातेल्यात पाणी उकळत होतं, त्यात दोन्ही नळ्या उभ्या केल्या.

“साखर म्हणजे खरं तर दोन साखरा,” मी सांगू लागले. सवयच ती. “एकमेकींचा हात धरून बसलेल्या. आंबट घालून उकळलं की त्यांचे हात सुटतात. सुट्या साखरेला हे औषध ओळखतं आणि निळ्याचं लाल होतं. हात धरून बसलेलीला ओळखत नाही.”

“आणि काटा?”

“काटा म्हणजे साखरेचे कण रांगेत एकावर एक चढणं. सुट्या साखरा मधे लुडबुडल्या की रांग मोडते.”

“म्हणजे एकत्र नांदल्या तर काटा आणि वेगळ्या झाल्या तर चिकटा,” सासूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. टोमणा होता की शंका, मला आजही ठरवता आलेलं नाही.

तेवढ्यात दुसरी नळी हिरवी झाली, मग पिवळी, मग नारिंगी, आणि बघता बघता विटेसारखी लाल. पहिली निळीच होती. मळी काढायला घातलेल्या दोन चमचे दुधानेही तिला फरक पडला नव्हता. मी दोन्ही नळ्या चिमट्याने उचलून त्यांच्यासमोर धरल्या. मला इतका आनंद झाला होता की शोभला नसता, म्हणून मी खाली मान घातली.

“ही निळी तुझ्या पाकाची?”

“हो.”

“म्हणजे लिंबू नव्हतं.”

“नव्हतं.”

त्या बराच वेळ लाल नळीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता म्हणतील, चुकलं गं माझं. त्यांनी विचारलं ते निराळंच.

“आणखी कशात साखर शोधतं हे तुझं औषध?”

“द्राक्षात, मधात. दवाखान्यात रोग्याच्या लघवीत बघतात.”

“लघवीत?”

“मधुमेह असला की साखर तिथून बाहेर पडते.”

“हं,” त्या म्हणाल्या आणि हात टेकून उठल्या. “उद्या पाक मीच करीन.”

झालं! पुराव्यानिशी जिंकले आणि पाकाचं कामही हातचं गेलं. रात्रभर मी श्रीधरकडे पाठ करून तळमळत होते.

दुसऱ्या दिवशी पाक त्यांनी केला, नवे तीळ परातीत घेतले आणि बसल्या. मी नऊच्या बसने सांगलीला जाणार होते, तोवर निखारे देणं एवढंच माझं काम. मी मुद्दाम जवळ बसून राहिले. मनात एकच होतं, आता तुमचाच पाक आणि तुमचीच परात, बघू काय होतं.

चमचाभर पाक सुटला. बोटं फिरू लागली. त्या बोटांची चाल बघण्यासारखी होती. दाण्यांना धक्का न लावता त्यांच्याखालून जायची, त्यांना उचलायची, पसरायची. घाई नाही की थांबणं नाही. बाई एरवी कशाही असोत, परातीवर बसल्या की देखण्या दिसायच्या.

आणि तरीही तासाभराने तेच झालं. पाक पडला की चर्रकन वाळायचा आणि पीठ व्हायचा. तीळ तांबूस दिसू लागले.

“कोळसा ओला आहे यंदाचा,” त्या चिडून म्हणाल्या. “चार दिवस बघतेय, परात तापतच नाही. निखारे घाल.”

मी घातले.

“अजून घाल.”

मी चिमट्याने आणखी दोन निखारे सरकवले. धग माझ्या तोंडावर येत होती. गळ्यातलं मंगळसूत्र तापलं म्हणून मी मागे सरले.

“आई, पुरे झाले.”

“परात थंड आहे. हात सांगतो मला. अजून दोन घाल.”

तेव्हा मला त्यांची बोटं दिसली. तर्जनीच्या टोकाला मोठा पांढरा फोड आलेला होता आणि तो फुटलेला होता. फुटलेल्या जागेवर तीळ चिकटले होते. मधल्या बोटाला दुसरा. आणि ती बोटं त्याच संथ चालीने परातीच्या तळावरून फिरत होती. त्यांच्या चेहऱ्यावर रागाशिवाय काहीच नव्हतं.

मी पुढे वाकले आणि परातीत हात घातला.

“शरयू!” त्या ओरडल्या. “शिवलीस तू! सगळा हलवा—”

पण मीही ओरडले होते. एका क्षणात माझी चार बोटं चरचरली, डोळ्यांत पाणी आलं. मी हात झटकला आणि पाण्याच्या तांब्यात बुडवला.

“आई, परात लाल व्हायची बाकी आहे!” मी म्हणाले. “तुम्हाला भाजत नाही?”

त्या माझ्या हाताकडे बघत राहिल्या. मग आपल्या बोटांकडे बघितलं, जशी दुसऱ्या कुणाची बोटं पाहावीत तशी. फोड त्यांनी आत्ताच पाहिला असावा.

“तीस वर्षं भाजतायत,” त्या हळूच म्हणाल्या. “घट्टे पडलेत. सवय झालीय.”

“मागच्या वर्षी परात तापलेली कळत होती का?”

“कळत होती.”

शेगडीतले निखारे मीच बाहेर ओढले. मी काही डॉक्टर नव्हे, पण माझ्या डोक्यात एकेक गोष्ट रांगेत चढायला लागली होती. तांब्यामागून तांबे रिकामे होत होते. दर तासाला मोरीत फेरी होत होती. पंधरा दिवस सुकत नव्हती ती अंगठ्याची जखम. आणि ज्या मोरीत पाकाचं पातेलं कधी गेलंच नाही, तिथे मुंग्या लागल्या होत्या.

त्यांना हे कसं सांगायचं? त्यातून मी कसं सांगायचं, जिने कालच दोन नळ्या नाचवून त्यांना खोटं पाडलं होतं? मी बस पकडली, दिवसभर कॉलेजात काय केलं ते आठवत नाही. संध्याकाळी घरी आले, श्रीधर ड्यूटीवर होते. आम्ही दोघींनी जेवून भांडी आवरली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्टोव्ह पेटवला तर सासूबाई आंघोळ करून माझ्या मागे उभ्या होत्या. पदराखाली काहीतरी झाकलं होतं.

“तुझं ते निळं पाणी उरलंय का?”

“आहे.”

त्यांनी पदराखालून मधाची रिकामी बाटली काढली. तळाला थोडंसं होतं. आमच्याकडे सोवळ्यात पाणी भरणारी बाई ती, स्वयंपाकघरात तसली वस्तू घेऊन उभी होती.

“इथे नको,” मी म्हणाले. “मागच्या ओसरीवर करू.”

ओसरीवर स्टोव्ह नेला. द्रावण घेतलं, आठ थेंब टाकले, नळी उकळत्या पाण्यात धरली. वर्गात ही वेळ मला नेहमी लांबलचक वाटायची, त्या दिवशी ती फारच लवकर संपली. हिरवी, पिवळी, नारिंगी करत नळी लाल झाली. लिंबाच्या पाकाच्या नळीपेक्षाही लाल.

“माझ्या वडलांच्या तळपायात काच घुसली होती,” सासूबाई म्हणाल्या. “दोन दिवस त्यांना पत्ताच नव्हता. आईने झाडताना रक्ताचे ठसे बघितले. पुढे पाय कापावा लागला.” थोडं थांबून म्हणाल्या, “म्हणजे लिंबू माझ्यातच होतं.”

मला रडू आलं. आठ महिन्यांत त्यांच्यासमोर पहिल्यांदाच आलं, आणि तेही स्वतःसाठी नव्हे. त्यांनी मला रडू दिलं.

“हे श्रीधरला सांगू नकोस. संक्रांत होऊ दे. चार पोरींचे दागिने बाकी आहेत, लोकांना शब्द दिलाय.”

“आज दहा वाजता डॉक्टरांकडे जायचं,” मी म्हणाले.

“आधी हलवा.”

“आधी डॉक्टर.”

“तू मला हुकूम सोडणार?”

“सोडणार. आणि परातीलाही हात लावणार. तुमच्या हाताला आता गरम कळत नाही, माझ्या हाताला फिरवायला येत नाही. दोघींपैकी एकीने एकटीने केला तर काटा येणार नाही, हे मी लिहून देते.”

“एका हाताचा लागतो तो,” त्या म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

“मग माझा हात धरा.”

दवाखान्यात मी त्यांना दहाला नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पायाची चिंधी सोडायला लावली, आणि मग माझ्याकडे वळून, आणखी महिनाभर थांबला असता तर काय झालं असतं ते सांगितलं. सासूबाई छताकडे बघत होत्या. गोळ्या मिळाल्या, साखर बंद झाली. घरी येताना टांग्यात त्या एकदाच बोलल्या. “चहात तरी चिमूटभर?” मी नाही म्हटलं. “बरं,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून कॉलेजात रजा टाकून मी पहाटे परातीवर बसले. सासूबाई माझ्यामागे स्टुलावर. माझं मनगट त्यांच्या हातात. त्यांची फोडांवर पट्ट्या बांधलेली बोटं माझ्या बोटांना सांगायची. हळू. खालून जा. दाबू नकोस, उचल. आणि दर चमच्याला प्रश्न.

“भाजतंय का?”

“भाजतंय.”

“सोसवतंय?”

“जेमतेम.”

“मग बरोबर आहे. घाल चमचा.”

नाही सोसवलं तर मी निखारा बाहेर ओढायचे, थंड वाटलं तर आत सारायचे. पहिल्या दिवशी दाणे नुसते गुळगुळीत झाले. मी रडकुंडीला आले. दुसऱ्या दिवशी अंगावर पुरळ उठावं तसं काहीतरी दिसलं. “हे काय?” मी विचारलं. “बोलू नकोस,” त्या कुजबुजल्या, जणू झोपलेलं मूल उठेल. चौथ्या दिवशी सकाळी ऊन परातीत उतरलं आणि प्रत्येक तिळावर चारी बाजूंनी पांढरे, बारीक काटे चमकले. माझा हात त्यांच्या हातातच होता. त्यांनी तो घट्ट दाबला, इतका की माझ्या बोटांवरचे फोड ठणकले.

दागिने करायला रात्र पुरली नाही, पहाट झाली, पण झाले. चारही नवरींचे गेले. मी काळी चंद्रकळा नेसले. गळ्यात हलव्याचा हार, दंडात वाक्या, हातात तोडे, कानात कुडी. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायकांनी घर भरलं. सगळ्यात पुढे अर्थात गंगूकाकू.

“काय सुरेख काटा आलाय हो!” त्यांनी माझा हार उचलून पाहिला. “मथूताई, शेवटी तुमचाच हात. एका हाताचा गुण असतो, उगीच नाही म्हणत. परवाचा तो हिच्या पाकाचाच दोष होता की नाही?”

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. मी वाण वाटायला घेतलेलं ताट तसंच धरून उभी राहिले. आता सासूबाई काय बोलतात, यावर माझं त्या घरातलं सगळं पुढचं अवलंबून होतं, असं मला तेव्हा वाटलं. आजही वाटतं.

त्या उठल्या. लंगडतच माझ्यापाशी आल्या. ताट माझ्या हातातून काढून खाली ठेवलं, माझा उजवा हात मनगटाला धरला आणि बायकांसमोर उताणा केला. चार बोटांवर चार फोड होते. एक फुटला होता.

“दागिने काय बघताय?” त्या म्हणाल्या. “ही बोटं बघा. हलवा हिच्या हातचा आहे. पाकही हिचाच चांगला होता. चुकले होते ते मी.”

गंगूकाकूंना तिळगूळ तोंडात असल्यामुळे काही बोलता आलं नाही. बायका पुन्हा कुजबुजू लागल्या, कुणी हसली, कुणी अत्तरदाणी पुढे केली. सासूबाईंनी माझा हात सोडला नव्हता. आपल्या बधिर बोटांनी त्या माझ्या बोटांची टोकं एकेक करून चाचपत होत्या. मग कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं,

“दुखतंय?”

“हो,” मी म्हणाले.

“दुखू दे,” त्या म्हणाल्या. “दुखतंय तोवर बरं.”